७५ हजारांचा टॉवर: पैसा कार्डात घालायचा की बोर्डात?

शाहूपुरी_बेंच
दिवसा टॅली, एक्सेल, मीटिंग, अधूनमधून फोटोशॉप, रात्री गेम. घरचा पीसी जोडणाऱ्या बहुतेकांची गरज एवढीच असते. टॉवरसाठी ७५ हजार धरतोय, मॉनिटर आणि यूपीएस वेगळे. एवढ्या पैशांत दुकानातून येणारं कोटेशन ठरलेलं असतं: एएम५चा (एएमडीच्या नव्या सॉकेटचा) मदरबोर्ड, डीडीआर५ रॅम आणि उरलेल्या पैशांत बसेल ते ८ जीबीचं ग्राफिक कार्ड. माझ्या मते हे उलटं आहे.

एएमडीचा रायझन ५ ५६०० प्रोसेसर, जुन्या एएम४ सॉकेटचा बी५५० बोर्ड, डीडीआर४ ३२०० रॅमच्या ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या, १ टीबी एनव्हीएमई एसएसडी, आणि वाचलेला सगळा पैसा १६ जीबीच्या आरएक्स ९०६० एक्सटी कार्डात. निम्मं बजेट कार्डावर गेलं तरी जाऊ द्या.

कारण साधं आहे. ५६०० सहा कोर, बारा थ्रेडचा आहे. १०८०पी किंवा १४४०पीवर सेटिंग वर नेली की बहुतेक गेममध्ये आधी कार्ड दमतं, प्रोसेसर नाही. ८ जीबीच्या कार्डाचं दुखणं वेगळंच आहे. नव्या गेमचे टेक्स्चर त्यात मावत नाहीत, मग उरलेला डेटा पीसीआयईवरून (कार्ड आणि बोर्ड यांच्यातल्या रस्त्यावरून) रॅममध्ये ये-जा करतो. सरासरी फ्रेम बरी दिसते, पण वळणावर गाडी अडखळते ती याच्यामुळे. त्यात २०२५च्या शेवटापासून डेटा सेंटरच्या मागणीने रॅमचे भाव चढलेत. डीडीआर४ही महागली, पण जुन्या पीसीतली पट्टी काढून नव्यात लावता येते. डीडीआर५च्या बोर्डात ती सोय नाही.

दोन ठिकाणी लोक फसतात. ५६००जी हा ५६०० नव्हे. त्यात एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) ३२ऐवजी १६ एमबी आहे आणि पीसीआयई जुना, हळू ३.०च. वेगळं कार्ड लावणार असाल तर त्या ५६००जीवर पैसे घालू नका. आणि स्वस्त पडतो म्हणून बी४५० बोर्ड घेऊ नका, तोही पीसीआयई ३.०चा. आरएक्स ७६००, आरटीएक्स ४०६०, आरटीएक्स ५०६० ही कार्डं या रस्त्याच्या सोळापैकी आठच लेन वापरतात. ३.०वर त्यांचा रस्ता आणखी अरुंद होतो आणि मेमरी भरली की फटका मोठा बसतो. ९०६० एक्सटीला पूर्ण सोळा लेन आहेत.

राजारामपुरी_आठवी
कार्डाबद्दल सगळं मान्य. पण तुम्ही पीसी कामासाठीही घेताय हे दुसऱ्याच परिच्छेदात विसरलात.

५६००ला स्वतःचा डिस्प्ले नाही. कार्ड बिघडून वॉरंटीला गेलं तर ते परत येईपर्यंत टॉवर कोपऱ्यात पडून. टॅली नाही, जीएसटी रिटर्न नाही, काही नाही. रायझन ५ ७६००त छोटा ग्राफिक भाग आहे. त्यावर गेम चालत नाहीत, पण बोर्डाच्या एचडीएमआयला केबल लावली की ऑफिसचं सगळं काम होतं. कमाईच्या मशीनला ही सोय हवीच. उगाच दोन पैसे वाचवायला ७५००एफ घेतला तर तीही जाते.

दुसरं, एएम४ संपलेला रस्ता आहे. गेममध्ये ५६००च्या बरंच पुढे जायचं म्हटलं तर जास्त कॅशचे एक्स३डीवाले प्रोसेसर. ते आता नवे मिळणं अवघड. एएम५ला २०२७ आणि त्यापुढे चालवू, असं एएमडीने सांगितलंय. आज ७६०० लावा, तीन वर्षांनी बायॉस (बोर्डाचं स्वतःचं सॉफ्टवेअर) अपडेट करून त्याच सॉकेटात आठ कोरचा बसवा. बोर्ड, रॅम, कॅबिनेट जिथल्या तिथे. कार्ड बदलायला दहा मिनिटं लागतात. बोर्ड बदलायचा म्हणजे सगळा पीसी उसवायचा. जे बदलायला सोपं ते आत्ता हलकं घ्या आणि अवघड ते चांगलं घ्या.

रॅम महाग आहे तर १६ जीबीची एकच पट्टी लावा, दुसरी भाव उतरल्यावर.

शाहूपुरी_बेंच
बाकीचं नंतर, पण एका पट्टीचा सल्ला चुकीचा आहे. डीडीआर५च्या एका पट्टीत आत दोन उपचॅनल असतात म्हणून ती ड्युअल चॅनल होत नाही. बँडविड्थ निम्मीच राहते आणि रायझनला ते गेममध्ये जाणवतं. वर्षाने आणलेली दुसरी पट्टी त्याच कंपनीची, त्याच वेगाची असली तरी आतल्या चिप वेगळ्या निघू शकतात. मग एक्सपो (रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारं बायॉसचं सेटिंग) चालू केलं की मशीन उठत नाही, किंवा उठतं आणि दोन दिवसांनी निळा पडदा. शेवटी ४८००वर समाधान मानायचं. घ्यायची तर एका खोक्यातली जोडीच, एएम५ला ६००० वेगाची, सीएल३० किंवा सीएल३६ची (हा आकडा लहान तेवढी रॅम चटकन उत्तर देते). आणि नंतर आणखी दोन लावू असंही मनात धरू नका, चार पट्ट्यांवर एएम५चा वेग चांगलाच खाली येतो.

डिस्प्लेच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही. ज्याचं पोट मशीनवर आहे त्याने तो धरावा.

उद्यमनगर_कॅड
तुम्ही दोघं गेमवरच बोलताय. कोल्हापूरजवळच्या शिरोली-गोकुळ शिरगावच्या फौंड्रींसाठी पॅटर्न आणि डायची ड्रॉइंग घरून करणारी पोरं भरपूर आहेत, त्यांचा हिशोब निराळा.

सॉलिडवर्क्स या कॅड सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल बदललं की फीचर रिबिल्ड होतात ते बहुतांश एकाच कोरवर. तिथे कोर किती यापेक्षा एक कोर किती पळतो ते महत्त्वाचं. ५६०० जातो ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत, ७६०० जातो ५.१पर्यंत, शिवाय पिढीही पुढची. त्यामुळे कॅडवाल्याने राजारामपुरीचं ऐकावं. मोठी असेंब्ली उघडायची असेल तर १६ जीबी रॅम पुरत नाही, ३२ हवीच, मग कार्ड एक पायरी खाली आलं तरी चालेल.

सॉलिडवर्क्सचा रिअलव्ह्यू (मॉडेल खऱ्यासारखं दाखवणारा मोड) मात्र जीफोर्स किंवा रेडिऑन या गेमच्या कार्डांवर अधिकृतपणे मिळत नाही, त्याला आरटीएक्स ए-मालिकेसारखी वर्कस्टेशन कार्डं लागतात. मॉडेलिंग त्याशिवायही नीट होतं. फक्त रिअलव्ह्यूसाठी वर्कस्टेशन कार्ड घेतलं तर त्याच पैशांतला गेम गेला, हे आधीच ठरवा.

आणि जीएसटी नंबर असेल तर बिल त्याच नंबरावर, धंद्याच्या नावाने करा. पार्टवर १८ टक्के जीएसटी आहे. धंद्याच्या वापरापुरतं क्रेडिट मिळतं, पण कच्च्या पावतीवर एक पैसा मिळत नाही. बजेटमध्ये सगळ्यात मोठी सूट हीच आहे आणि लोक ती सोडून देतात.

पाचगाव_एडिट
लग्नाचं शूटिंग एडिट करणाऱ्यांसाठी दोन्ही याद्या अपुऱ्या आहेत. नव्या मिररलेस कॅमेऱ्यांतून एचईव्हीसी ४:२:२ १०-बिट, म्हणजे रंगाची माहिती जास्त ठेवणारं, फुटेज येतं. ते ५६०० आणि ९०६० एक्सटीच्या जोडीवर टाइमलाइनला अडकत चालतं, कारण हा प्रकार त्या कार्डाच्या डिकोडरला हार्डवेअरवर उलगडता येत नाही, सगळा भार प्रोसेसरवर येतो. इंटेल आय५-१२४००च्या आतल्या यूएचडी ७३०ला ते जमतं. पण १२४००च घ्या, १२४००एफ नको; एफमध्ये तो भागच बंद असतो. नाहीतर आरटीएक्स ५०-मालिकेचं कार्ड घ्या, त्यात ४:२:२ आलंय. ८ जीबीचं ५०६० गेमवाल्याला कमी पडत असेल, एडिटवाल्याला या एका कारणासाठी तेच बरं. ब्लेंडरमध्येही एनव्हिडियाचं ऑप्टिक्स (कार्डावर रेंडर करण्याची पद्धत) पुढे आहे.

१२४००ला डीडीआर४चे बोर्ड मिळतात, त्यामुळे रॅमचा प्रश्नही सुटतो. फक्त एच६१० टाळा. रॅमला दोनच खाचा आणि बहुतेकांवर एसएसडीसाठी एम.२ची एकच खाच. फुटेजसाठी दुसरी एसएसडी लागतेच, तेव्हा बी६६० किंवा बी७६० बघा.

राजारामपुरी_आठवी
म्हणजे पुन्हा संपलेलाच सॉकेट. १२व्या, १३व्या, १४व्या पिढीनंतर इंटेलचा एलजीए१७०० सॉकेट थांबला. तुमच्या कामापुरतं बरोबर असेल, पण ज्याचं फुटेज मोबाइलचं आहे त्याने यात पडू नये. मोबाइलचं नेहमीचं फुटेज ४:२:०च असतं, ते कुठलंही आजचं कार्ड उलगडतं.

रंकाळा_वायरिंग
कार्ड की बोर्ड यावर एवढी चर्चा झाली, पण एसएमपीएसचं (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याचं) नाव कुणीच काढलं नाही. कोल्हापुरात पीसी मरतो तो बहुधा विजेच्या भानगडीत. वळवाच्या पावसात वीज कडाडते, लाइट जाते-येते, आणि येताना व्होल्टेज उडी मारतं.

कॅबिनेटसोबत फुकट येणारा, पेटीवर मोठ्ठं ४५० लिहिलेला डबा वापरू नका. पेटीवरचा आकडा सोडा, अंगावरच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रेलवर किती अँपिअर लिहिलेत ते वाचा. ४० अँपिअर म्हणजे ४८० वॅट. तिथे १६-१८ दिसले तर तो निम्म्याच ताकदीचा आहे. ५६०० आणि ९०६० एक्सटीचा टॉवर भर गेममध्ये ३०० वॅटच्या आत राहतो. ८० प्लस ब्राँझचा चांगल्या कंपनीचा ५५० वॅट पुरतो. ७५० घ्यायची गरज नाही, तो पैसा यूपीएसला द्या.

यूपीएस ६०० व्हीएचा म्हणजे ३६० वॅटचा. टॅली चालू असेपर्यंत चालतो, गेममध्ये लाइट गेली की मॉनिटर धरून काठावर येतो आणि बॅटरी थोडी जुनी असेल तर तिथेच बसतो. १००० व्हीए घ्या. घरचा इन्व्हर्टर आहे म्हणून यूपीएस नको, हा समज सोडा. एसएमपीएस वीज नसताना साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो आणि साध्या मोडवरचा इन्व्हर्टर त्याहून उशिरा बदलतो. यूपीएस मोडचं बटण असेल तर ते दाबा, तेही साइन वेव्ह इन्व्हर्टर असेल तरच.

आता अर्थिंग. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांत तीन पिनचा सॉकेट असतो, पण वरच्या भोकाला वायर असेलच असं नाही. कॅबिनेटच्या पत्र्याला हाताची मागची बाजू लागली की झिणझिण्या येतात ना, ते याचंच लक्षण. एसएमपीएसच्या आत फिल्टरचे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून पत्र्याला जोडलेले असतात. अर्थ नसेल तर पत्र्यावर निम्मं, म्हणजे ११५च्या आसपास व्होल्ट तरंगतात. करंट अगदी थोडा असतो, पण चालू पीसीला एचडीएमआय केबल जोडताना तोच पोर्टमधून जातो आणि कार्डाचा किंवा टीव्हीचा पोर्ट उडतो. वायरमनकडून मल्टिमीटरने तपासून घ्या: फेज-न्यूट्रल २३०च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थ शंभराच्या घरात किंवा इकडे-तिकडे हलताना दिसला तर अर्थ नाही. न्यूट्रलवरून अर्थला तुकडा जोडून देणारा वायरमन असेल तर त्याला काम देऊ नका. बाहेर न्यूट्रल तुटला की अख्ख्या पत्र्यावर पूर्ण फेज येतो. जीव जाईल.

तपोवन_६०एफपीएस
जुनं आरटीएक्स ३०६० १२ जीबी हातात मिळत असेल तर एवढं सगळं कशाला? १७० वॅटचं कार्ड, १२ जीबी मेमरी, एनव्हिडिया असल्याने ब्लेंडरही चालतं.

शाहूपुरी_बेंच
मिळत असेल तर वाईट नाही, पण वॉरंटी शिल्लक असलेलं आणि सीरिअल नंबर लिहिलेल्या बिलासकट असेल तरच. विकणाऱ्याच्या घरी अर्धा तास गेम लावून बघा. हॉटस्पॉटचं (चिपच्या सगळ्यात गरम जागेचं) तापमान १०० ओलांडत असेल किंवा पंखा खरखरत असेल तर परत फिरा. स्क्रू काढलेल्या खुणा बघा. कारखान्याच्या पट्ट्यात गळीत हंगामात हवेतून काळी राख येते, ती फिनमध्ये बसून ओल्याने घट्ट होते. ते कार्ड नुसत्या फुंकरीने साफ होत नाही, उघडून पेस्ट आणि पॅड बदलावे लागतात. नवीन टॉवरलाही त्या भागात पुढे जाळीचा, धुता येणारा फिल्टर असलेलाच कॅबिनेट घ्या.

पाचगाव_एडिट
जोडताना काय चुकतं तेही लिहा कुणीतरी. पार्ट बरोबर घेऊन निम्म्या वेगात वापरणारे खूप आहेत.

राजारामपुरी_आठवी
रॅमच्या दोन पट्ट्या चार खाचांच्या बोर्डात प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. बायॉसमध्ये एक्सपो किंवा एक्सएमपी चालू केल्याशिवाय ६०००ची रॅम ४८००वर आणि ३२००ची अनेकदा २१३३ किंवा २६६६वर पळते. एएम५ पहिल्यांदा चालू केल्यावर काही मिनिटं पडदा काळाच राहतो. रॅमचं ट्रेनिंग चालू असतं. घाबरून मेन स्विच बंद करू नका. मॉनिटरची केबल कार्डाला लावा, बोर्डाला नव्हे, आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट बदला; १८० हर्ट्झचा मॉनिटर ६०वर चालवणारे कमी नाहीत.

एएम४वाल्यांसाठी एक. पिना प्रोसेसरला असतात, सॉकेटला नाही. जुना कूलर थंड मशीनवर सरळ वर ओढला की वाळलेली पेस्ट प्रोसेसरला सोबत उपटून आणते आणि पिना वाकतात. दहा मिनिटं मशीन तापू द्या, बंद करून प्लग काढा, मग कूलर डावी-उजवीकडे हळू फिरवत सोडवा. एएम५ला उलट: पिना सॉकेटात. झाकणीचा प्लास्टिकचा तुकडा फेकू नका, वॉरंटीला बोर्ड पाठवताना तो बसवावा लागतो.

विंडोज ११च टाका, १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. ११वर व्हॅलोरंट गेमला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट ही सुरक्षेची दोन्ही सेटिंग लागतात. विंडोज टाकायच्या आधीच बायॉसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीचं बूट) बंद आणि एफटीपीएम (प्रोसेसरमधलाच टीपीएम) चालू करा. नंतर केलं तर एमबीआर (जुन्या पद्धतीने विभागलेल्या) डिस्कवरून विंडोज उठत नाही आणि डिस्क बदलून घेण्याचं काम वाढतं.

उद्यमनगर_कॅड
आणि प्रत्येक पार्टचा सीरिअल नंबर बिलावर लिहून घ्या, टॉवर एकगठ्ठा लिहिलेलं बिल नको. ऑनलाइन घेतलं तर खोकं फोडतानाचा व्हिडिओ, लेबल दिसेल असा. एसएमपीएसचं आणि कार्डाचं खोकं वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर ठेवा, कुरिअरने पाठवताना त्याच फोमात कार्ड सुरक्षित जातं.

शाहूपुरी_बेंच
राजारामपुरी, रिटर्न भरणाऱ्याला आणि कॅडवाल्याला ७६००, हे मी यादीत बदलतो. गेम हे मुख्य आणि काम हलकं असेल, त्यातून घरात डीडीआर४ची जोडी पडून असेल, तर ५६०० आणि १६ जीबीचं कार्ड यावर मी ठाम आहे. त्या माणसाला ७६०० आणि ८ जीबी देऊ नका.

राजारामपुरी_आठवी
घरात रॅम असेल तर मान्य. रॅमही नवीच घ्यायची असेल तर आधी दोन्हीचं कोटेशन एकाच दिवशी, एकाच दुकानातून घ्या. फरक कार्डाची एक पायरी भरून काढण्याइतका नसेल तर एएम५च.