मराठी मजकूर आणि छायाचित्रे एकत्र मांडण्यासाठी घरच्या संगणकावर कोणते सॉफ्टवेअर घ्यावे?

प्रश्न : वाईकर (सातारा)
नमस्कार. कास पठारावरील फुलांची ओळख करून देणारी ए५ आकाराची ३२ पानी पुस्तिका आम्ही काही मंडळी तयार करत आहोत. मजकूर युनिकोडमध्ये टंकित झाला असून प्रत्येक फुलासोबत एक तरी छायाचित्र आहे. वर्डमध्ये टोपली कारवीच्या परिच्छेदात दोन ओळींची भर घातली, की तिचे छायाचित्र पुढच्या पानावर जाते आणि त्याखालचे नाव ‘सीतेची आसवे’ या दुसऱ्या फुलाच्या फोटोखाली जाऊन बसते. संगणक जुना, ४ जीबी रॅमचा आहे आणि दरमहा पैसे भरण्याची तयारी नाही. मायक्रोसॉफ्टचे पब्लिशर हे पाने मांडण्याचे सॉफ्टवेअर घ्यावे का?

उत्तर : कृष्णाकाठ (सांगली)
पब्लिशरचा विचार सोडावा. ऑक्टोबर २०२६ नंतर त्याला सेवा मिळणार नाही, असे मायक्रोसॉफ्टनेच जाहीर केले आहे. आपली अडचण सॉफ्टवेअरची कमी आणि चित्र मजकुराला कसे जोडले आहे याची जास्त आहे. लिबरऑफिस रायटर मोफत आहे; त्यात चित्रावर उजवी कळ दाबून ‘इन्सर्ट कॅप्शन’ निवडले, की चित्र आणि त्याखालचे नाव एकाच चौकटीत बसतात. त्या चौकटीचा अँकर, म्हणजे ती मजकुरात जेथे बांधलेली असते ती जागा, परिच्छेदाला लावल्यास मजकूर कितीही सरकला तरी दोन्ही एकत्र सरकतात.

उत्तर : अक्षरजुळणी (कराड)
वरील सल्ला बरोबर आहे, पण तो सलग वाहणाऱ्या मजकुरासाठी. एका पानावर एकच फूल असा बेत असेल तर स्क्राइबस हे पानांच्या मांडणीचे सॉफ्टवेअर अधिक सोयीचे. तेही मोफत आहे आणि त्यात चौकटी पानावर ठेवल्या तेथेच राहतात. मात्र १.४ ही जुनी आवृत्ती घेऊ नये, कारण तिच्यात देवनागरी जोडाक्षरे तुटतात. जानेवारी २०२४ मध्ये आलेली १.६ किंवा त्यानंतरचीच घ्यावी. ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे हवे असतील तर तिरो देवनागरी मराठी हा मोफत टंक (फॉन्ट) वापरावा. मुद्रितशोधन मात्र रायटरमध्येच पूर्ण करून मग मजकूर स्क्राइबसमध्ये आणावा, कारण तेथे दुरुस्त्या करत बसणे फार कंटाळवाणे होते. शिवाय स्क्राइबस चित्रे फाइलमध्ये साठवत नाही, केवळ त्यांचा पत्ता ठेवते. फोल्डर हलवला की चौकटी रिकाम्या दिसतात, म्हणून फाइल दुसरीकडे नेताना फाइल आणि तिची चित्रे एकत्र जमा करणारी ‘कलेक्ट फॉर आउटपुट’ ही सोय वापरावी.

उत्तर : छापखाना गल्ली (सातारा)
छायाचित्रे व्हॉट्सॲपवर साध्या फोटोच्या रूपात मागवू नका, त्यांचा तपशील कमी होतो. डॉक्युमेंट म्हणून मागवा. ए५ पानाची रुंदी १४८ मिमी असते, म्हणून पानभर फोटो ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) छापायचा तर तो सुमारे १७५० पिक्सेल रुंद हवा. चित्र पानाच्या कडेपर्यंत न्यायचे असल्यास चारही बाजूंना ३ मिमी जादा ठेवा. मध्यभागी टाचण मारायची तर पाने चारच्या पटीत लागतात, आपली ३२ बसतात. तेरड्याचा गुलाबी-जांभळा पडद्यावर दिसतो तितका झळझळीत छपाईत उतरत नाही, तेव्हा त्या एका पानाची पीडीएफ करून आधी छापील नमुना पाहावा.

वाईकर
आभारी आहे. आमच्याकडे पानागणिक एकच फूल आहे, त्यामुळे स्क्राइबस वापरतो आणि पहिला नमुना तेरड्याच्या पानाचाच काढतो.