वि: संख्याशास्त्र की क्षेत्रकाम? शुक्रवारपर्यंत ठरवायचंय

माई:
मंडळी, धाकटीची विषयनोंदणी शुक्रवारी बंद होतेय. संख्याशास्त्राचा दुसरा भाग आणि क्षेत्रकाम यांच्या वेळा एकमेकांवर येताहेत. तिचं म्हणणं, मासे आणि प्राणी शिकायला आलेय, आकडेमोड पुढच्या वर्षी. कोणाच्या मुलांनी हे घेतलंय? आज-उद्यात सांगा.

अप्पा:
माई, संख्याशास्त्र सोडू देऊ नका. तळ्यात मासे किती? 100 पकडून, खूण करून सोडायचे. नंतर 80 पकडले आणि त्यात खुणेचे 20, म्हणजे पाव हिस्सा, निघाले, तर खुणेचे 100 हेही तळ्यातल्या माशांच्या पाव हिस्सा, म्हणून तळ्यात साधारण 400. पण खुणा गळून पडल्या, किंवा एकदा सापडलेले मासे जाळं टाळायला लागले, की उत्तर फुगतं. किती फुगलं हे कळायलाच पुढचा भाग लागतो. कॅनडाला 1992 मध्ये न्यूफाउंडलंडजवळची कॉडची मासेमारी बंद करावी लागली. कॉड घटत होते, पण उरलेले एकाच जागी दाटत होते आणि बोटी नेमक्या तिथेच जात होत्या. जाळी भरून येत, म्हणून साठा आहे त्याहून मोठा धरला गेला. हजारोंचं काम गेलं हो!

अक्का:
अप्पा, पण आकडे येतात कुठून? माशाच्या कानातला खडा, म्हणजे ओटोलिथ, कापून, घासून पातळ करायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली वर्षावर्षाची वलयं मोजायची. म्हाताऱ्या माशाची वलयं कडेला इतकी दाटतात की दोघं वेगवेगळं मोजून ताडून बघतात. माझ्या मुलाचा हात त्यावर बसायला अख्खं सत्र गेलं. शिवाय उन्हाळी कामाला घेताना त्याला क्षेत्रकामाचंच विचारलं होतं.

नाना:
अक्का, वन्यजीवाकडे तसं नाही. भाचीला पक्ष्यांच्या पायात कडी घालायच्या कामावर शिकवूनच घेतलं. पहाटेपासून जाळ्यांवर सतत फेऱ्या, कारण पक्षी अडकून राहिला तर दगावतो. आणि शिक्षणाचे प्रश्न आधी मार्गदर्शन गटाकडे यावेत असं ठरलंय ना? इथे उत्तरं विखुरतात.

अप्पा:
नाना, गट पुढच्या महिन्यात बसणार, नोंदणी शुक्रवारी संपतेय. माई, क्षेत्रकाम उन्हाळ्यात असतं का, ते विभागाच्या सल्लागाराला विचारा. बऱ्याच ठिकाणी असतं.

माई:
विचारलं. उन्हाळ्यात आहे, आणि संख्याशास्त्राचा तो भाग वर्षातून एकदाच. आत्ता तोच घेतेय. अक्का, खड्यांबद्दल तिला तुमच्या मुलाशी बोलायचंय, रविवारी फोन केला तर चालेल?