कॉल सेंटरचे आकडे स्वतः बांधले, मग काय झालं? तुमचेही किस्से येऊ द्या

काल जुनी हार्ड डिस्क आवरताना 'रिपोर्ट_फायनल_आता_खरंच_फायनल' नावाची फाईल सापडली आणि पोटात गोळाच आला. तेव्हा आमच्या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरमध्ये सर्व्हिस लेव्हल तयार मिळत नव्हती, म्हणून मीच बांधली. तीच आपली 80/20, शंभरातले ऐंशी कॉल वीस सेकंदांच्या आत उचलायचे. भिंतीवरचा स्क्रीन तीन आठवडे हिरवागार. साहेब खूश, मी त्याहून खूश. मग फ्लोअरवरची एक मुलगी म्हणाली, "सर, लोक कानात ओरडतायत आणि तुमचा स्क्रीन हिरवा कसा?"

छेदात मी फक्त उचललेले कॉल धरले होते. समजा 100 कॉल आले, 60 वेळेत उचलले, 15 उशिरा, आणि 25 जण कंटाळून फोन ठेवून गेले. माझा हिशेब 60 भागिले 75, म्हणजे 80 टक्के. खरे 60. जे वैतागून गेले तेच हिशेबाबाहेर! दुरुस्त केल्यावर स्क्रीन लाल झाला आणि साहेब विचारतात, "काल काय बिघडवलंस?"

रातपाळी: 😂😂 काल काय बिघडवलंस!! हे वाक्य फ्रेम करून लावा

जुनी_तार: अॅस्टरिस्क (फोन एक्सचेंज चालवणारं सॉफ्टवेअर) रांगेतल्या कॉलची नोंद ठेवतं, तो क्यू लॉग वाचून सरासरी प्रतीक्षा काढत होतो. कनेक्टच्या ओळीत पहिला आकडा कॉलर किती थांबला त्याचा, तिसरा एजंटचा फोन किती वेळ वाजला त्याचा. मी तिसरा उचलला. दोन महिने आमच्याकडे सगळे कॉलर चार सेकंदांत मार्गी लागत होते. कुणालाच संशय आला नाही. चांगल्या आकड्याला कोण विचारतंय?

हेडसेटवाली: मी पलीकडच्या बाजूची. तुम्ही लोक एएचटी लावता ना, एका कॉलला लागणारा सरासरी वेळ, बोलणं + होल्ड + नंतरची नोंद, ते मोठ्ठ्या अक्षरात स्क्रीनवर आलं की आमच्यातले काही जण अवघड कॉल चुकून 'कट' करायचे. सरासरी झकास. तोच माणूस परत फोन करायचा आणि माझ्या गळ्यात पडायचा. परत आलेल्या कॉलचा आकडा कुणी बांधलाच नव्हता.

धागाकर्ता: @हेडसेटवाली आई गं. हा पाप मीपण केलंय

रातपाळी: हे पाप. ते पाप.

धागाकर्ता: बसमध्ये टाइप करतोय हो

शून्याधारित: सरासरीची सरासरी काढणारे हात वर करा 🙋 सकाळी 10 कॉल, सरासरी 10 मिनिटं. दुपारी 200 कॉल, सरासरी 3. माझ्या डॅशबोर्डवर साडेसहा. खरी सव्वातीनच्या जरा वर. त्या साडेसहावर माणसं वाढवायची फाईल वर गेली होती, मंजूरही झाली. मी आजतागायत तोंड उघडलेलं नाही.

हेडसेटवाली: @शून्याधारित नका उघडू. माणसं वाढली ना!

कपडे_वाळत_घालून_आले: आमच्याकडे सर्व्हर रिस्टार्ट झाला, काउंटर शून्यावर गेला, आणि मी सरळ आताचा वजा मघाचा करत होते. आलेखावर उणे चार हजार कॉल.

जुनी_तार: लोकांनी दिलेले कॉल परत नेले 😄

शून्याधारित: अवांतर: रांगेचं हे गणित एरलांग नावाच्या डॅनिश माणसाचं. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत होता, पहिला निबंध 1909 चा. किती लाइनी ठेवायच्या हा प्रश्न तेव्हाही होताच.

रातपाळी: त्याच्या साहेबाला हिरवा स्क्रीन नव्हता, म्हणून जमलं

कपडे_वाळत_घालून_आले: पाच सेकंदांच्या आत ठेवलेला फोन सोडलेला कॉल धरता का? आमच्याकडे यावरून दोन टीम अजून बोलत नाहीत.

जुनी_तार: आम्ही वेगळा आकडा करून ठेवलाय, दोन्हीकडचे खूश.

हेडसेटवाली: हे सगळं ठीक, पण हेडसेटचा स्पंज फाटलाय तो बदलून मिळायला कुठला आकडा लाल करावा लागतो?

धागाकर्ता: @हेडसेटवाली 'माझा आवाज येतोय का?' मोजतो उद्यापासून. स्टॉप आला, उतरतो.