स्टॅगमास्तरांचं उदाहरण बघा

एका कोचने एकच खेळ धरावा हे तुमचं म्हणणं आजच्या काळात ठीक आहे हो, पण अमेरिकेतला जुना कोच आमोस अलोन्झो स्टॅग बघा ना. येल युनिव्हर्सिटीत बेसबॉलचा पिचर (चेंडू टाकणारा), वर १८८९च्या पहिल्या ऑल-अमेरिका, म्हणजे देशातल्या निवडक कॉलेज खेळाडूंच्या, फुटबॉल टीममध्ये (आपला फुटबॉल नाही, अमेरिकन). मग स्प्रिंगफील्डला बास्केटबॉलची पहिली पब्लिक मॅच, मार्च १८९२, मास्तर विरुद्ध पोरं, हा मास्तरांकडून, मास्तर ५-१ने हरले आणि तो एकुलता एक गोल याचाच! त्याच वर्षी शिकागो युनिव्हर्सिटीत गेला, फुटबॉल, बेसबॉल, ट्रॅक (धावणं वगैरे) सगळ्यांचं कोचिंग बघायचा, ४० वर्षं. सत्तरी झाली म्हणून घालवलं, तर गडी कॅलिफोर्नियात कॉलेज ऑफ द पॅसिफिकला जाऊन परत मैदानात उभा. १९४३ला, ८१व्या वर्षी, कोच ऑफ द इयर. आपले पीटीचे सर ५८ला घरी बसतात.