पोरगी दहावीनंतर घरी: गाडी नाही म्हणून, की पोरगी आहे म्हणून?

फाट्यावरचा मास्तर
यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात माध्यमिकला शिकवतो. दहावीला ७८ टक्के घेतलेली माझी एक विद्यार्थिनी गेल्या जूनपासून घरी आहे. तिचा भाऊ दुसऱ्या खेपेला दहावी सुटला. तो अमरावतीला खोली करून डिप्लोमा करतो, भाडं आणि मेसचे पैसे दर महिन्याला जातात. हिला तालुक्याच्या कॉलेजात जायचं होतं. ग्रामीण भागातल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट आहे. तिच्या वडिलांना विचारलं तर म्हणाले, "सर, परिस्थिती तुम्हाला ठाऊकच आहे."

ठाऊक आहे की. पण एकाच घरातली एकच परिस्थिती पोराला अमरावतीला पाठवते आणि पोरीला पऱ्हाटीत, तेव्हा मला ती परिस्थिती वाटत नाही. तुम्हाला काय वाटतं?

वावरातून
मास्तर, बोलनं सोपं हाये. आमच्या गावात गाडी येत नाई, फाटा तीन किलोमीटर. हिवाळ्यात सहाले अंधार पडते, मंधात नाला, दोन्ही अंगानं डोक्याएवढी तूर. पोरगं रात्री आठले आलं तं माय म्हनते, "आला का, जेव." पोरगी साडेसहाले नाई आली तं अख्खं गाव विचारते. हे माया डोक्यातलं नाई, गावाच्या तोंडातलं हाये. थे कसं बदलवता, सांगा.

आकडेमोड
वावरातून यांच्याशी सहमत. 'मानसिकता' हा शब्द आला की रस्त्यावर बोलायची गरजच उरत नाही. बिहारने २००६ साली नववीतल्या मुलींना सायकलीसाठी पैसे दिले. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी शेजारच्या झारखंडशी ताडून पाहिलं, तर माध्यमिकला दाखल होणाऱ्या मुली ३२ टक्क्यांनी वाढल्या होत्या आणि मुलामुलींतली तफावत ४० टक्क्यांनी घटली होती. जास्त फरक कुठे पडला? जिथे हायस्कूल तीन किलोमीटर किंवा त्याहून लांब होतं तिथे. तिथल्या बापांना कुणी प्रवचन दिलं नव्हतं. आपल्याकडच्या, मुलींना शाळेत नेणाऱ्या मानव विकास मिशनच्या निळ्या बसगाड्याही त्याच विचारातून आल्या.

ओटाभर कापूस
सायकलीला माझा विरोध नाही, पण एक सांगते. मी नववीत असताना दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या तरी वेचणी संपली नव्हती. कमरेला फडकं बांधून दिवसभर वाकायचं, बोंडाच्या टोकांनी बोटं चिरायची, संध्याकाळी काट्यावर किलोप्रमाणे पैसे. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा भाऊ त्याच वावराच्या धुऱ्यावरून दप्तर घेऊन जायचा. वेचणं बायांचं काम, म्हणून त्याला कुणी हाक मारली नाही. शाळा माझ्या गावातच होती हो, घरापासून पाच मिनिटांवर! मला कुणी सायकल दिली असती तर ती नोव्हेंबरभर भिंतीला टेकून राहिली असती.

आकडेमोड
मान्य, पण तो मजुरीचा प्रश्न झाला. घरात पैसा असता तर वेचायला बाई लावली असती.

ओटाभर कापूस
आणि पैसा नव्हता तर दोघांनी आळीपाळीने का वेचू नये? गरिबी दोघांच्या वाट्याची होती, खाडे फक्त माझे.

वऱ्हाडी वाचक
+१. बांगलादेशाने १९९४ पासून खेड्यातल्या माध्यमिकच्या मुलींना देशभर विद्यावेतन दिलं, त्याच्या अटी बघण्यासारख्या आहेत: ७५ टक्के हजेरी, परीक्षेत ४५ टक्के गुण आणि लग्न झालेलं नसावं. निव्वळ गरिबी अडवत असती तर तिसरी अट कशाला लागली असती? आपणही फार पुढे आहोत असं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वर्षांच्या बायकांपैकी जवळपास २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं.

अवांतर: 'गावाचं तोंड' म्हणाल तर जाईबाई चौधरींनी १९२२ साली नागपुरात अस्पृश्य मुलींसाठी शाळा काढली, तेव्हा ते आजच्याहून मोठंच असणार.

वावरातून
जाईबाईंले हात जोडतो. पन सगळ्यांच्या घरी जाईबाई नसते ना बाप्पा. डोकं बदलाची काही गोळी भेटते का?

फाट्यावरचा मास्तर
गोळी नाही, तास भेटतो. हरियाणातल्या ३१४ सरकारी शाळांवर एक प्रयोग झाला. त्यातल्या निम्म्या शाळांत सातवी-आठवीपासून सुमारे अडीच वर्षं मुलामुलींना एकत्र बसवून याच विषयावर चर्चा घेतल्या. पोरांची मतंही बदलली. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त लागली: मुलींची पुढे शिकायची इच्छा मात्र वाढली नाही, कारण ती आधीच भरपूर होती. पोरींना समजावून सांगण्यात माझी वीस वर्षं गेली, आणि समजावायचं होतं भलत्यालाच.

दुसरं बंगालचं. बीरभूम जिल्ह्यात जिथे पंचायतीचं प्रमुखपद दोनदा महिलेसाठी राखीव झालं, तिथे मुलामुलींच्या शिक्षणातली तफावत पुसली गेली. शिवाय मुलींचा घरकामातला वेळ कमी झाला.

आकडेमोड
आमच्याकडे सही बाईंची आणि खुर्ची सरपंचपतीची. तिथले बापे घरी बसत होते की काय?

वऱ्हाडी वाचक
नवरे तिथेही होतेच. पण गावातली पोर रोज पाहते की कागद घेऊन लोक बाईच्या दारात उभे आहेत. ते तिच्या आईलाही दिसतं.

वावरातून
घरकामाचं म्हनता, थे मानलं. मायी पोरगी बारावीले हाये. फाट्यावर मीच आनाले जातो, मोटरसायकल घेऊन. सातले घरी येते आन चुलीपुढं बसते, मायची कंबर गेली म्हून. पोराच्या दहावीले आमी वर्षभर टीव्ही बंद ठेवला होता, हेबी खरं. हिच्या बारावीले चालू हाये, आता लिहिता लिहिता ध्यानात आलं.

पन मास्तर, एक विचारतो, राग नका मानू. तुमच्या घरी पोया कोन टाकते?

फाट्यावरचा मास्तर
बायको. सुट्टीत घरी आली की पोरगी.

वावरातून
अन पोरगं?

फाट्यावरचा मास्तर
त्याचं 'नीट' परीक्षेचं वर्ष आहे.