मदत हवी आहे : फ्लो सेन्सरचा इंटरप्ट पाणी नसतानाही मोजतोय

रामबागकर (इंदूर)
तीन दिवस झाले, अडकलोय. हौदात येणाऱ्या नर्मदेच्या लाइनवर फ्लो सेन्सर बसवलाय (पाण्याने आतली चक्री फिरते, तसे विजेचे पल्स येतात) आणि ते पल्स इंटरप्टवर मोजतोय, म्हणजे पल्स आला की बोर्ड हातातलं काम थांबवून एक छोटी रूटीन चालवतो. नळाला थेंब नसतानाही काउंट वाढतो. कोड बरोबर आहे, तीनदा तपासला. आमच्याकडे नळ एक दिवसाआड येतात, परवा येतील, त्याआधी हे व्हायलाच हवं. सहा बिऱ्हाडं आहेत, पाण्यावरून रोज कटकट. आकडा डोळ्यांसमोर असला तर निदान त्यावर तरी भांडण होणार नाही. लवकर सांगा.

मांडवीवाला (वडोदरा)
बोर्ड कुठला, पिन कुठली, सेन्सर कुठला? यातलं काहीच लिहिलं नाही. ‘कोड बरोबर आहे’ यावरून आम्ही काय ओळखणार?

निवृत्त निदेशक (ग्वाल्हेर)
मी मुलांना वर्षानुवर्षं हेच सांगत आलो, इंटरप्ट शिकायचा तर ८०५१ या जुन्या मायक्रोकंट्रोलरवर. पिन पी३.२ ही इंटरप्ट आयएनटी०, पी३.३ ही आयएनटी१. आयटी० बिट १ केला की फॉलिंग एजवर (पिन वरून खाली येताना एकदाच) चालतो, ० राहिला की लेव्हलवर. लेव्हलवर राहिला तर पिन खाली असेपर्यंत तीच रूटीन पुन्हा पुन्हा चालते आणि काउंट धावत सुटतो. तुमचं हेच झालंय. बिट तपासा.

रामबागकर
काका, ८०५१ नाही, ईएसपी३२ बोर्ड आहे. अटॅचइंटरप्ट, फॉलिंग. सेन्सर वायएफ-एस२०१. रूटीनमध्ये एकच ओळ, काउंट एकने वाढवायचा. व्हेरिएबल व्होलाटाइल आहे, रूटीनला आयरॅम अ‍ॅट्रिब्यूटही लावलाय. म्हणून म्हटलं की कोड बरोबर आहे.

बटणवाला (इंदूर)
बाउन्स! कॉन्टॅक्ट उडतात आणि एकाचे अनेक पल्स होतात. दुसरं काही नाही. रूटीनमध्ये मायक्रोसने वेळ घ्या, मागच्या पल्सपासून ५ मिलिसेकंद झाले नसतील तर सोडून द्या. माझ्या गेटच्या बेलला याच उपायानं आराम पडला.

प्रोबवाली (इंदूर)
बेलच्या बटणाला पत्र्याचे कॉन्टॅक्ट असतात, ते उडतात. या सेन्सरात हॉल आयसी आहे, ती चक्रीवरचा चुंबक ओळखते, तिथे बाउन्स कुठला? शिवाय हा सेन्सर मिनिटाला ३० लिटरपर्यंत मोजतो. मिनिटाच्या लिटरांना साडेसातने (या सेन्सरचा ठरलेला आकडा) गुणलं की सेकंदाला २२५ पल्स, म्हणजे दोन पल्समध्ये साधारण ४.४ मिलिसेकंद. ५ चा अडसर लावला तर जोराच्या धारेतले खरे पल्सच गळतील. २ चा लावा, पण आधी रोग कळू द्या.

रामबागकर, पिन नंबर अजून आलेला नाही. सेन्सरपासून बोर्डपर्यंत वायर किती, कुठून नेली? आणि खोटा काउंट सारखा येतो की ठरावीक वेळी?

रामबागकर
पिन ३४. वायर बारा-तेरा मीटर. हौद गेटपाशी आहे, बोर्ड जिन्याखाली. मोटारीच्या पाइपमधूनच ओढली, नवा पाइप कोण टाकणार. कोडमध्ये इनपुट पुलअप (पिन आतल्या रेझिस्टरने वरच्या व्होल्टला बांधणं) दिलेलं आहे, त्यामुळे पिन तरंगत नाहीये.
काउंट बहुतेक मोटार चालू असताना वाढतो. मिनिटाला साडेसहा-सात लिटर दाखवतो. पण दर वेळी नाही! काल संध्याकाळी मोटार तासभर चालली आणि आकडा शून्य. म्हणूनच डोकं चालेनासं झालंय.

मांडवीवाला
थांबा, टुल्लू पंप थेट नळाच्या लाइनवर लावलाय का? तसं असेल तर शेजाऱ्यांचं पाणी ओढताय तुम्ही. आधी तो काढा, मीटरचं नंतर बघू.

रामबागकर
नाही हो. मोटार हौदातून गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवते. लाइनशी तिचा काही संबंध नाही. हे मी विचारलंच नव्हतं.

प्रोबवाली
आता सगळं जुळलं.

ईएसपी३२ मध्ये ३४ ते ३९ या पिना फक्त इनपुट आहेत आणि त्यांना आत पुलअपही नाही, पुलडाउनही नाही. इनपुट पुलअप लिहिलं तरी कंपायलर तक्रार करत नाही, त्यामुळे लागलाय असं वाटत राहतं. तुमची पिन उघडी आहे.

आता तुमचा आकडा बघा. मिनिटाला साडेसहा-सात लिटर म्हणता ना? घरातली वीज ५० हर्ट्झची. सेकंदाला ५० पल्स, साडेसातने भागा, ६.६७ लिटर. तुमचा मीटर मोटारीच्या वायरमधली वीज मोजतोय. म्हणून बाउन्सचा उपायही इथे बसत नाही, कारण ५० हर्ट्झचे पल्स २० मिलिसेकंदांनी येतात. ते ५ मधूनही आरामात सुटतात आणि २ मधूनही.

कालचा शून्य? सेन्सरचं आउटपुट बहुधा ओपन कलेक्टर आहे, म्हणजे ते पिन फक्त खाली ओढू शकतं, वर नाही. चक्री थांबताना चुंबक हॉल आयसीसमोर आला तर आतला ट्रान्झिस्टर चालू राहतो, पिन ग्राउंडला बांधलेली राहते आणि मोटारीच्या वायरमधला विजेचा गोंगाट आत शिरत नाही. चुंबक दुसरीकडे थांबला की पिन मोकळी. चक्री कुठे थांबेल हे तुमच्या हातात नाही, म्हणून कधी येतं, कधी नाही.

बटणवाला
मग इंटरप्ट हवाच कशाला? ईएसपी३२ मध्ये पल्स काउंटरचं वेगळं हार्डवेअर आहे, त्यात ग्लिच फिल्टरही (फार छोटे खोटे पल्स गाळणारा) आहे. त्याला जोडा आणि मोकळे व्हा.

प्रोबवाली
तो फिल्टर जास्तीत जास्त १०२३ क्लॉकचा. ८० मेगाहर्ट्झला साधारण १२.८ मायक्रोसेकंद. २० मिलिसेकंदांच्या लाटेपुढे काय टिकणार? पल्स काउंटर छान आहे, मीही वापरते, पण उघडी पिन त्यालाही तसंच फसवेल.

मांडवीवाला
पिन बदलायचीच तर ३६ किंवा ३९ वर नेऊ नका. त्याही पुलअपशिवायच्या आणि आतला एडीसी (व्होल्टेज मोजणारा भाग) वगैरे चालू होताना त्या सुमारे ८० नॅनोसेकंद खाली ओढल्या जातात. मला असे भुताटकी इंटरप्ट आठवडाभर छळत होते.

निवृत्त निदेशक
आमच्या ग्वाल्हेरला तिघरा धरणाचं पाणी. विश्वेश्वरय्यांनी १९०३ साली खडकवासल्याला बसवलेले आपोआप उघडणारे दरवाजे पुढे तिघऱ्यावरही लागले. पाणी ठरलेल्या पातळीला आलं की दरवाजा उघडतो, पहाऱ्याला माणूस बसवावा लागत नाही. इंटरप्ट शिकवताना मी नेहमी तेच उदाहरण द्यायचो. मुलं विसरत नसत.

मांडवीवाला
सर, उदाहरण आवडलं. आमच्याकडे आजवा तलावाचं पाणी, सयाजीराव महाराजांच्या काळचं. पण रामबागकरांचे नळ उद्या यायचेत, त्यांना पुलअप लावू द्या.

रामबागकर
महाराणी रोडवर, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात निघतोय. रेझिस्टर किती ओहमचा? आणि ५ व्होल्टला बांधू की ३.३ ला?

प्रोबवाली
३.३ ला! सेन्सर ५ वर चालू दे, पण ईएसपी३२ च्या पिनवर ५ येता कामा नये. काही सेन्सरांत आतच ५ व्होल्टला पुलअप असतो. म्हणून पिवळी (पल्सची) वायर बोर्डवरून सोडवा, सेन्सरला ५ द्या, चक्री तोंडाने फुंकत फुंकत पिवळी वायर मल्टीमीटरवर बघा. कधीही ५ दिसले तर मला विचारल्याशिवाय जोडू नका.

५ दिसले नाहीत तर ४.७ के (४,७०० ओहम), पिनपासून ३.३ ला, आणि पिनपासून ग्राउंडला १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर. पिन २७ घ्या. तिला आतला पुलअप आहे, पण इतक्या लांब वायरला तो अशक्त पडतो, बाहेरचा हवाच. आणि वायर मोटारीच्या पाइपमधून काढा. हे टाळू नका.

अजून एक. दर सेकंदाला काउंट वाचून शून्य करत असाल तर वाचणं आणि शून्य करणं या दोन क्रिया आहेत. मध्ये इंटरप्ट आला तर तो पल्स हरवतो. शून्य करूच नका, मागच्या आकड्याशी वजाबाकी करा.

रामबागकर
शून्यच करत होतो. ते बदललं.
पिवळ्या वायरवर ५ कुठेच दिसले नाहीत. ४.७ के लावला, पिन २७, वायर भिंतीच्या कडेने वेगळी नेली. रात्री मोटार अर्धा तास चालवली, मध्ये चार वेळा चक्री फुंकून वेगवेगळ्या जागी थांबवली. काउंट हललाच नाही. मग गच्चीच्या टाकीचं पाणी सेन्सरमधून सोडून २० लिटरचा जार भरला, काउंट ८,८४०. हिशोबाने ९,००० हवे होते ना?

प्रोबवाली
लिटरला ४५० पल्स (साडेसात गुणिले ६०) हा कागदावरचा आकडा. तुमच्या सेन्सरचा ४४२ निघाला, तोच कोडमध्ये टाका. पण नळाचा दाब गच्चीच्या टाकीसारखा नसतो, सकाळी नळाच्या धारेवरही एक जार भरून बघा.

रामबागकर
ताई, आभार. नळ पहाटे येतात. जार आत्ताच हौदापाशी ठेवलाय.