फ्रेडी मर्क्युरीचा शोक तेव्हा करता आला नाही. आता कसा करावा?

गिरगावकर

नमस्कार. १९९१ साली मी गिरगावातल्या एका चाळीत राहत होतो आणि कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो. फ्रेडी ज्याचा गायक होता, त्या क्वीन या ब्रिटिश रॉक बँडची, थोरल्या मावसभावाने मस्कतहून आणलेली एकच कॅसेट माझ्यापाशी होती. ती मी इतकी वाजवली होती, की दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्याच्या सुरुवातीला टेप चुरगळली होती आणि तिथे आवाज क्षणभर पाण्याखाली गेल्यासारखा व्हायचा. आजही ते गाणे कुठे लागले, की त्या जागी माझा कान त्या बुडालेल्या आवाजाची वाट पाहतो.

फ्रेडी मर्क्युरी गेला तो २४ नोव्हेंबर १९९१ रोजी, रविवारी. लंडनमध्ये तेव्हा संध्याकाळ होती, म्हणजे आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती. त्यामुळे आमच्या घरी येणाऱ्या सोमवारच्या पेपरात काहीच नव्हते. मला बातमी कळली ती मंगळवारी सकाळी, नळाचे पाणी भरून झाल्यावर गॅलरीत उभ्याने पेपर चाळताना, आतल्या पानावरच्या एका छोट्या चौकटीतून. आपल्याला एड्स झाला असल्याचे निवेदन त्याने मृत्यूच्या आदल्या दिवशीच प्रसिद्ध केले होते, हेही त्याच चौकटीत होते. तो आजारी होता आणि तो गेला, या दोन्ही गोष्टी मला एका दमात कळल्या. त्याचे वय ४५ होते.

मी घरात सांगितले. वडिलांनी चौकट वाचली आणि म्हणाले, “असल्या रोगाने गेलेल्या माणसाचे नाव या घरात नको.” माझे वडील कठोर मनाचे नाहीत, त्या शब्दाची दहशतच तेव्हा तशी होती. कॅसेट कपाटात कपड्यांच्या घडीखाली गेली. दोन खोल्यांत आम्ही सहा माणसे राहत होतो, त्यामुळे एकट्याने रडायला जागा नव्हती. कॉलेजात त्याच्या मरणावरून जे घाणेरडे बोलणे झाले, ते मी खाली मान घालून ऐकून घेतले. ते गप्प बसणे मला अजून टोचते.

ज्याला कधी प्रत्यक्ष पाहिले नाही, ज्याच्याशी नाते एका कॅसेटपुरतेच होते, त्याचा राहून गेलेला शोक इतक्या वर्षांनी करावा का आणि करायचा तर कसा, हा माझा प्रश्न आहे. येत्या नोव्हेंबरात मुंबईतल्या काही जणांनी एकत्र बसावे असे मनात आहे. आपल्याला ती बातमी कशी कळली होती, हेही कृपया लिहावे.

फोर्टचा जुना नोकरदार

अवश्य करावा. मी त्या वेळी फोर्टमध्ये एका खासगी कचेरीत नोकरीला होतो. बातमी वाचली त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून मी काळा घोड्याला ऱ्हिदम हाउसमध्ये गेलो. काही विकत घ्यायचे नव्हते, पण दुसरीकडे कुठे जावे हेही सुचत नव्हते. क्वीनच्या कॅसेटी ज्या खणात होत्या, तिथे माझ्या आधी दोन माणसे उभी होती. एक माझ्याएवढा होता आणि दुसरा बराच वयस्क, टाय लावलेला. त्या वयस्क गृहस्थांनी एक कॅसेट काढली, वेष्टनावरचा फोटो पाहिला, अंगठ्याने त्यावरची धूळ पुसली आणि ती जागच्या जागी इतक्या हळुवारपणे ठेवली, की मला पुढे काही पाहवेना. आम्ही तिघेही एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. ऱ्हिदम हाउस २०१६ साली बंद झाले तेव्हा लोकांनी पुष्कळ आठवणी सांगितल्या. माझी आठवण ही एवढीच होती.

२० एप्रिल १९९२ रोजी लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवर त्याच्यासाठी जो मोठा कार्यक्रम झाला, तो मी दोनेक वर्षांनी उसन्या व्हिडिओ कॅसेटवर पाहिला. बहात्तर हजार माणसे होती आणि जमलेला पैसा एड्सविरुद्धच्या कामाला गेला. त्यात हॉलिवूडची अभिनेत्री एलिझाबेथ टेलर मंचावर येऊन एड्सविषयी त्या तरुण गर्दीशी थेट बोलली होती. आपण ज्या आजाराचे नाव घरात कुजबुजतही नव्हतो, ते नाव तिथे ध्वनिक्षेपकावरून घेतले जात होते. आपण एकत्र बसलो, तर ऑर्केस्ट्रा आणि भाषणे ठेवू नयेत एवढीच माझी विनंती आहे. गाणी त्याचीच आणि त्याच्याच आवाजात असावीत.

दादर पारसी कॉलनी

गिरगावकर, आपण “एका कॅसेटपुरते नाते” असे लिहिले आहे, म्हणून थोडे आमच्या घरातले सांगते. आपल्यासाठी तो परदेशातला गायक होता; माझ्या आईसाठी तो बोमी आणि जेर बलसारा या पारशी जोडप्याचा मुलगा फारोख होता. आमची त्यांच्याशी ओळख मुळीच नव्हती. परंतु बलसारा हे आडनाव बलसाडवरून, म्हणजे आजच्या वलसाडवरून आलेले आहे आणि आमच्या आजोळची माणसे त्याच बाजूची. आईने त्याचे एकही गाणे पूर्ण ऐकले नव्हते. तरीही बातमी कळल्यावर ती एवढेच म्हणाली, “आपरो पोरियो,” म्हणजे आपलाच मुलगा, आणि काचेच्या पेल्यात पाणी व तेल घालून तिने दिवा लावला. तो चार दिवस तेवत होता. घरी आलेल्या काही नातलगांना ते आवडले नाही, हेही मी प्रामाणिकपणे सांगते. आजाराच्या नावाने आमच्याकडचीही दारे बंद झाली होती.

त्याने आपल्या मुळांविषयी जाहीरपणे फारसे कधी सांगितले नाही. मात्र २७ नोव्हेंबरला लंडनमध्ये त्याचे अंत्यविधी झाले, ते जरथुश्ती धर्मगुरूंनी अवेस्ता या आमच्या धर्मग्रंथातल्या प्रार्थना म्हणून केले. दहन झाले, तिथे दोखमा, म्हणजे आमचा मृतदेह ठेवण्याचा मनोरा, कुठून असणार? आमच्या समजुतीप्रमाणे आत्मा तीन रात्री इथेच असतो आणि चौथ्या दिवसाच्या पहाटे पुढच्या प्रवासाला निघतो. २४ तारखेपासून मोजले तर ती पहाट २७ तारखेचीच येते. हे मुद्दाम जुळवले होते की योगायोगाने जुळले, यात मी पडत नाही. माझ्या आईला मात्र त्याचे फार समाधान वाटले होते.

त्याच्या अस्थी कुठे ठेवल्या आहेत, हे त्याची जिवलग मैत्रीण मेरी ऑस्टिन हिने त्याच्या इच्छेनुसार कोणालाही सांगितलेले नाही. त्यामुळे जिथे जाऊन फूल ठेवावे अशी त्याची समाधी नाही, आणि शोक मनात अडकून राहण्याचे तेही एक कारण असावे. आणखी एक सांगायला हवे. एकत्र येण्यासाठी कृपा करून अग्यारीचा, म्हणजे आमच्या अग्निमंदिराचा, विचार करू नये. तिथे पारशांखेरीज इतरांना प्रवेश नसतो आणि कोणाला दारातून परत जावे लागले, तर मला वाईट वाटेल. दिवा कोणाच्याही घरी लावता येतो.

प्रयोगशाळेतली ताई

मी १९९३ पासून रक्ततपासणीच्या कामात होते, आता निवृत्त आहे. एचआयव्हीच्या तपासणीचे अहवाल आम्ही नावाऐवजी क्रमांक घालून, दुहेरी पाकिटात, चिकटवून देत असू. पाकीट घ्यायला येणारी माणसे ते तिथे उघडत नसत. एकदा वीस-बावीस वर्षांचा एक मुलगा गळ्यात वॉकमनचे हेडफोन अडकवून आला आणि पाकीट हातात घेऊन बाकावर तासभर बसून राहिला. गाणे चालू होते की नाही, कोण जाणे. मी दोनदा पाणी नेऊन दिले, याखेरीज मला काही करता आले नाही.

फ्रेडीने शेवटच्या दिवसापर्यंत आजार लपवला म्हणून तेव्हा आणि नंतरही त्याला दोष देणारे पुष्कळ भेटले. मी ज्या बाकासमोर काम केले, तिथून मला तो दोष देता येत नाही. आजार कोणाला, कधी सांगायचा हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. आपल्याकडे २०१७ साली झालेल्या कायद्याने तर संमतीवाचून दुसऱ्याने ते उघड करण्यास मनाई केली आणि नोकरीत, उपचारांत, घर भाड्याने देताना भेदभाव करण्यासही बंदी केली. फ्रेडीच्या वाट्याला असे कायद्याचे संरक्षण आले नव्हते. त्याच्या आजाराचे निदान १९८७ साली झाले आणि त्याच वर्षी पहिले औषध मंजूर झाले होते, पण ते एकटे पुरे पडत नसे. अनेक औषधे एकत्र देण्याचा, माणसे खरोखर वाचवणारा उपचार १९९६ च्या सुमारास आला. भारतात सरकारतर्फे हे उपचार मोफत मिळू लागले ते १ एप्रिल २००४ पासून. त्याचा मृत्यू १९९१ चा आणि हा उपचार १९९६ चा; पाच वर्षांचे अंतर किती असते, हे मी बाकावर बसलेल्या माणसांकडे पाहून शिकले.

म्हणून फोर्टच्या काकांशी मी थोडी असहमत आहे. गाणी ऐकावीतच, पण त्या दिवशी आजाराचे नावही घ्यावे. ज्यांच्या घरात त्याच आजाराने कोणी गेले आणि “कावीळ झाली होती” असे सांगितले गेले, त्यांनाही तिथे बसता यावे. गिरगावकर, तुम्ही तेव्हा गप्प बसलात याचे ओझे बाळगू नका. त्या वयात, त्या काळात आम्ही पांढरा कोट घातलेली माणसेही गप्पच होतो.

पाचगणीहून परतलेला

मी त्याच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी जन्मलो, त्यामुळे बातमीची आठवण माझ्यापाशी नाही. मागच्या हिवाळ्यात पाचगणीला गेलो होतो, तेव्हा फ्रेडीच्या सेंट पीटर्स शाळेच्या फाटकाबाहेर थोडा वेळ उभा राहिलो. झांझिबारहून समुद्रमार्गे आलेला आठ वर्षांचा मुलगा त्या थंडीत आईवडिलांवाचून राहिला आणि तिथेच बाराव्या वर्षी पाच मुलांच्या ‘हेक्टिक्स’ या वाद्यवृंदात वाजवू लागला. गायक दुसराच होता. हा पियानोवर बसायचा. ज्याच्या आवाजासाठी आपण सगळे इथे लिहीत आहोत, तो मुलगा आपल्या या घाटावर बहुतेक वेळ दुसऱ्याच्या गाण्याला साथ करत होता, हे मला तिथे उभे असताना फार जाणवले.

मे १९९१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो गावी त्याने अखेरचे ध्वनिमुद्रण केले, ते ‘मदर लव्ह’ या गाण्याचे. उभे राहण्याचे त्राण नसतानाही तो कडव्यामागून कडवे गात गेला. शेवटचे कडवे मात्र राहिले. थोडी विश्रांती घेऊन परत येऊन गातो म्हणाला आणि पुन्हा आला नाही. १९९५ साली ते गाणे प्रसिद्ध झाले, तेव्हा ते कडवे गिटारवादक ब्रायन मे याने गायले. तो त्याची नक्कल करत नाही, आपल्या साध्या आवाजात गातो. शोक कसा करावा असे आपण विचारले, तर मला ते कडवे आठवते. त्या रात्री ते गाणे लावावे आणि मध्ये कोणी बोलू नये.

गिरगावकर

सर्वांचे मनापासून आभार. आपण लिहिलेले काल रात्री वडिलांना वाचून दाखवले. त्यांना आता नीट दिसत नाही, ऐकू मात्र येते. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, “त्याची आई होती का तेव्हा?” होती, असे मी सांगितले, मुलामागे पंचवीस वर्षे होती, २०१६ साली गेली. त्यावर ते पुन्हा गप्प झाले आणि थोड्या वेळाने म्हणाले, “मग दिवा आपल्याकडेच लाव.”

तेव्हा असे ठरवू या. २४ नोव्हेंबरला रात्री दहा वाजता आमच्या घरी जमावे. घर आता मोठे आहे, पंधरा-वीस जण आरामात बसतील. पारसी कॉलनीच्या ताईंनी दिवा कसा लावायचा ते दाखवावे, आणि प्रयोगशाळेतल्या ताईंनी दोन शब्द बोलावेत अशी माझी विनंती आहे. फोर्टच्या काकांना एवढे भाषण चालेल, असे मी गृहीत धरतो. बारा वाजून गेल्यावर, म्हणजे तो गेला त्या सुमारास, माँत्रोचे गाणे लावू. त्याआधी माझी जुनी कॅसेट वाजवायची आहे. टेपरेकॉर्डर माळ्यावरून काढला आहे, मोटर फिरते, पण आतला रबरी पट्टा वितळून चिकटला आहे. गिरगाव-लॅमिंग्टन रोड भागात असा पट्टा बदलून देणारे कोणी अजून असल्यास कृपया कळवावे.